ट्रॉली उभी असेपर्यंत

सीटबेल्टचा पट्टा आपण कधीच पूर्ण ओढत नाही. छातीवरून घेऊन खटका लावण्यापुरता ओढतो, उरलेला हातभर पट्टा पिलरच्या आत गुंडाळलेलाच राहतो. गाडी शोरूममधून निघाल्यापासून भंगारात जाईपर्यंत त्या हातभर पट्ट्याला ऊन लागत नाही. आमच्या मिस्त्रींनी त्या सकाळी ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा धरला आणि विहिरीतून दोर काढावा तसा दोन्ही हातांनी ओढत राहिले. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली तेव्हा ते थांबले. करड्या पट्ट्यावर एक आडवी रेघ होती, सांडलेला चहा वाळला की कडेला उमटते तशी. रेघेच्या खाली विणीत बारीक, पिवळसर माती भरलेली होती. मिस्त्रींनी नखाने ती खरवडली, बोटावर घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, ही बुडालेली आहे."

माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये त्याच गाडीचा तपासणी रिपोर्ट. शंभरावर फोटो, चाळीसेक रकाने. इंजिन ऑइलची गळती : नाही. गिअर बदलताना आवाज : नाही. पुराचं पाणी लागल्याची खूण : नाही. त्या शेवटच्या 'नाही'वर विसंबून आम्ही ३ लाख ८६ हजारांची बोली लावली होती.

नाशिकच्या माणसाला पाण्याची रेघ वाचायला शिकवावी लागत नाही. गोदावरीला पूर आला की आपण क्युसेकचे आकडे नंतर विचारतो, आधी विचारतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मीही आईला घेऊन होळकर पुलाजवळ गर्दीत उभी राहून तेच बघत होते. त्याच महिन्यात सांगली-कोल्हापुरात कृष्णेचं आणि पंचगंगेचं पाणी घराघरात शिरलं होतं, आणि ही पांढरी डिझेल सेदान तेव्हा सांगलीतल्या कुठल्याशा इमारतीच्या पार्किंगमध्ये उभी होती. हे आम्हाला बरंच पुढे कळलं. नंबर एमएच-१२ चा, म्हणजे पुण्याचा. सांगलीचा एमएच-१० असता तर दादाने आपसूकच दोनदा विचार केला असता.

मी आणि दादा मिळून पाथर्डी फाट्याजवळ जुन्या गाड्यांचं छोटं यार्ड चालवतो. एका वेळी बारा-चौदा गाड्या. लोखंड दादाचं, कागद माझे. गाडीचं बॉनेट उघडण्याआधी नुसत्या आवाजावरून तो सांगतो की टायमिंग चेन बदलायला आली आहे. मी पेठ रोडच्या आरटीओत एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, उतरवण्यापासून चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेण्यापर्यंतचं सगळं बघते. पूर्वी गाड्या एजंटांकडून यायच्या. एजंट इथलाच असायचा, त्याला उद्या पुन्हा आपल्याच दारात यायचं असायचं. आता आमचा बराचसा माल ऑनलाइन लिलावातून येतो. हप्ते थकले म्हणून बँकेने ओढलेल्या गाड्या, नव्या गाडीच्या बदल्यात दिलेल्या गाड्या, कंपन्यांच्या लीजवरच्या गाड्या. बोली फोनवर लागते. संपता संपता कुणी रक्कम वाढवली की घड्याळ दोन-तीन मिनिटांनी लांबतं, आणि त्या दोन-तीन मिनिटांत दादाच्या कपाळावर घाम येतो.

गाडी बघायची सोय असते, नाही असं नाही. पण गाडी पुण्यापलीकडच्या यार्डात, येऊन-जाऊन सव्वाचारशे किलोमीटर, आणि दहा गाड्या बघाव्या तेव्हा एक पदरात पडणार. एवढ्या फेऱ्या मारल्या तर नफा टोलनाक्यावरच संपतो. त्यामुळे खरं सांगायचं तर आम्ही गाडीचं वर्णन विकत घेतो. गाडी मागाहून कॅरिअरवर येते.

जुन्या गाडीत खोट असणारच. बंपर घासलेला असेल, क्लच संपत आला असेल, एका दाराला पुटी असेल. ती खोट आम्ही मोजतो, बोलीतून वजा करतो, दुरुस्त करून पुढे विकतो. खोट विकत घेणं हा आमचा धंदाच आहे. खोटं विकत घेणं हा नाही. रिपोर्टात 'क्लच ६० टक्के झिजलेला' असं लिहिलं असतं आणि तो ८० टक्के निघाला असता, तर मी इथे एक ओळसुद्धा लिहिली नसती. पण ज्या गाडीच्या डॅशबोर्डपर्यंत नदी येऊन गेली, तिच्यासमोर 'नाही' लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे.

आमचे अण्णा लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे तीस वर्षं मुनीम होते. सुट्टीत ते मला सोबत न्यायचे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबत पुढे सरकतोय. वरचा कांदा हातात घेऊन दाबायचा, एखादा सोलून बघायचा, बोली लागायची, सौदा झाला की भावाची चिठ्ठी, म्हणजे पट्टी, शेतकऱ्याच्या हातात आणि घोळका पुढच्या ट्रॉलीपाशी. मग ट्रॉली काट्यावर, आणि काट्यावरून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे ट्रॉलीचा फाळका उघडून माल खाली करताना पोटातून गोल्टी म्हणजे बारीक कांदा, कोंब आलेला, सडका माल निघाला, तर व्यापारी हात वर करायचा : वांधा! की उतरवणारे हमाल तिथेच थांबायचे. बाजार समितीचा माणूस यायचा. शेतकरी समोर, व्यापारी समोर, माल दोघांच्या पायाशी. कधी भाव थोडा उतरवून मिटायचं, कधी शेतकरी म्हणायचा, भरा पुन्हा, मी नेतो माझा माल. जे व्हायचं ते तिथल्या तिथे. वांध्याचं निमित्त करून शेतकऱ्याला नाडणारे व्यापारी होते, आजही असतील. अण्णांनी ते कधी झाकून ठेवलं नाही. घरी येताना बसमध्ये ते त्यांची नावं घेऊन शिव्या द्यायचे. पण पद्धत म्हणून ते वांध्याला मानायचे. म्हणायचे, "वांधा ट्रॉली उभी असेपर्यंत. कांदा चाळीत ओतला, दुसऱ्या कांद्यात मिसळला, मग तो तुझा."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. तरीही आमची ट्रॉली आम्ही उभी ठेवली नाही.

कॅरिअर आला शनिवारी संध्याकाळी, नवरात्रात. दसरा चार दिवसांवर होता आणि दसऱ्याला गाडी घरी न्यायची म्हणून लोक आधीपासून फोन करत होते. दादाने चाकं बघितली, इंजिन चालू करून ऐकलं, कॅरिअरवाल्याच्या कागदावर सही केली. मिस्त्री गावी गेले होते. रविवारी दादाने गाडी डेंटिंग-पेंटिंगला पाठवली, पुढचा बंपर रंगवून घेतला. तिथूनच ती आतून धुवायला गेली. सीट काढल्या, कार्पेट काढलं, शाम्पूने घासलं, वाळवलं. म्हणजे जिथे चिखलाची खूण सगळ्यात जास्त सापडली असती ती जागा आम्ही स्वतःच्या पैशाने धुऊन काढली. मंगळवारी मिस्त्री आले आणि त्यांनी पट्टा ओढला. मग एक-एक उलगडत गेलं. सीटच्या रुळाखालचे बोल्ट गंजलेले. दाराचं रबरी बिडिंग उपसलं तर आतल्या पत्र्याच्या घडीत माती. डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर सोडवला तर पिनांवर हिरवट थर. मिस्त्री म्हणाले, "आज चालतंय सगळं. पण कधी एअरबॅगचा दिवा लागेल, कधी पॉवर स्टेअरिंग जाईल, ते देवाला माहीत."

दादाने ओळखीतून गाडीचा सर्व्हिसचा इतिहास काढला. त्यात २०१९ च्या ऑगस्टची नोंद होती : सांगलीच्या वर्कशॉपला गाडी टोचन करून आलेली, खाली सुट्या भागांची लांबलचक यादी. आमचा 'नाही' तिथे साफ खोटा ठरला.

मी फोन लावला. समोरच्याने अगदी अदबीने सांगितलं की तक्रारीची मुदत गाडी ताब्यात मिळाल्यापासून २४ तास होती, आणि कुठलंही काम करून घेतलेल्या गाडीची तक्रार स्वीकारली जात नाही. दोन्ही अटी मी टिकमार्क करून मान्य केलेल्या होत्या. मी, म्हणजे कागद सांभाळणारी. त्या रात्री मी पहिल्यांदा त्या अटी ओळ न ओळ वाचल्या. 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे.' 'बोली लावणाऱ्याने गाडी स्वतः तपासली आहे असे समजण्यात येईल.' 'तपासणी अहवाल हे केवळ मत आहे.' वाद झाल्यास कोर्टाऐवजी लवाद, तोही परराज्यातल्या शहरात. पुढचे आठ दिवस लिलाव चालवणारे म्हणत राहिले की विकणारी बँक आहे, आम्ही फक्त मधले; बँकेचा माणूस म्हणाला की आम्ही गाडी ओढून आणली, तिचं वर्णन आम्ही केलेलं नाही; आणि ज्याने रकान्यात 'नाही' लिहिलं त्या तपासनिसाचं रिपोर्टवर नावही नव्हतं, नुसता एक क्रमांक.

दादा चिडून म्हणाला, "सरळ ग्राहक मंचात जाऊ." मलाही तेच वाटत होतं. सीबीएसजवळ कोर्टासमोर बसणाऱ्या आमच्या ओळखीच्या वकीलसाहेबांनी पहिल्या दोन मिनिटांत ते दार बंद केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी वस्तू घेणारा ग्राहक धरलेलाच नाही. म्हणजे गाड्यांचा व्यापारी त्या दारातून आत जाऊ शकत नाही. "तुम्हाला फक्त करार आणि १९३० चा वस्तुविक्रय कायदा," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली होती, पण त्यांनी त्या जुन्या कायद्याचं कलम १५ वाचून दाखवलं तेव्हा मी सरसावून बसले. वर्णनावरून वस्तू विकली, तर वस्तू वर्णनाशी जुळली पाहिजे, ही अट विक्रीतच धरलेली असते. वेगळी लिहावी लागत नाही. कलम १६ मालाच्या दर्जाबद्दल आहे आणि तिथे घेणाऱ्यावर बराच भार आहे : तुम्ही माल तपासला असेल, तर तपासात दिसायला हवा होता तो दोष तुमच्या माथी. वर्णनाचं तसं नाही. मी म्हटलं, "पण साहेब, आम्ही गाडी न बघता घेतली, हाच आमचा मूर्खपणा." ते म्हणाले, "उलट आहे. न बघता घेतली म्हणजे वर्णनाशिवाय तुमच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. ह्याहून स्वच्छ वर्णनाची विक्री कुठली?" हे ऐकून दादाने आठ दिवसांत पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली.

मग त्यांनी एक जुना इंग्लिश खटला सांगितला. आपला १९३० चा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतलेला, म्हणून तिकडचे निकाल आपल्यावर बंधनकारक नसले तरी वाचले जातात. एकाने जाहिरात दिली : हेरल्ड, पांढरी, १९६१ सालची. दुसऱ्याने जाऊन गाडी डोळ्यांनी बघितली, घेतली, चालवली, आणि ती नीट चालेना म्हणून गॅरेजला नेली. तिथे कळलं की मागचा अर्धा भाग १९६१ च्या गाडीचा आणि पुढचा अर्धा त्याआधीच्या दुसऱ्याच हेरल्डचा, मधोमध वेल्डिंग केलेलं. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. १९६७ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं, घेणाऱ्याने गाडी पाहिली असली तरी तो '१९६१ ची' ह्या वर्णनावर विसंबला होता, भरपाई द्या. हेरल्ड म्हटल्यावर मला अण्णांच्या शेठची गाडी आठवली. आपल्याकडे ती मद्रासला बनायची, स्टँडर्ड हेरल्ड नावाने. शेठच्या त्या गाडीत मागच्या सीटवर मी आणि दादा एकदा चांदवडच्या देवीला गेलो होतो. कुठल्या तरी परक्या देशात तसल्याच गाडीपायी एक माणूस कोर्टात उभा राहिला आणि जिंकला, ह्याने मला का इतका धीर यावा सांगता येत नाही, पण आला.

धीर आला तेवढ्यात वकीलसाहेबांनी दुसरी बाजूही मांडली. कलम ६२ प्रमाणे कायद्याने धरलेली अट करारात स्पष्ट लिहून वगळता येते, आणि 'जशी आहे तशी' हा शब्द त्याच कामासाठी ठेवलेला असतो. त्यांचं म्हणणं असं की हा शब्द गाडीच्या अवस्थेला झाकेल, पण 'पुराचं पाणी लागलेलं नाही' ह्या लेखी विधानाला झाकेलच असं नाही. आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक तर अशा कलमाआड लपत नाही. मात्र जाणूनबुजून हे सिद्ध कुणी करायचं? आम्ही. दादाने 'चारशेवीस'चं नाव काढलं. ते म्हणाले, आता न्याय संहितेत ते ३१८ झालंय, पण हेतू दाखवल्याशिवाय ते उभं राहत नाही, आणि पैसे वसूल करायला पोलिसांचा धाक वापरणं मला पसंत नाही. मलाही नव्हतं.

आणि मग ते बंपरवर आले. घेणाऱ्याने माल स्वीकारला की अट मोडल्याबद्दल माल परत करण्याचा हक्क जातो, फक्त नुकसानभरपाई उरते. स्वीकार म्हणजे काय, तर 'मी स्वीकारतो' असं सांगणं, किंवा मालकाने करावं तसं काही मालाचं करणं, किंवा वाजवी मुदत उलटेपर्यंत गप्प बसणं. "तुम्ही रंग दिलात. आतून धुतलीत. हे मालकाचंच काम झालं." दोन हजार रुपयांचा रंग, आणि ३ लाख ८६ हजार परत मागण्याचा हक्क त्यात गेला. दावा कुठल्या कोर्टात हेही त्याने बदललं. सगळी रक्कम परत मागितली असती तर ३ लाखांवरचा व्यावसायिक वाद म्हणून आधी मध्यस्थी आणि मग व्यावसायिक न्यायालय असा रस्ता होता. आता मागणी दीड लाखाच्या घरात, म्हणजे साधा दिवाणी दावा. तोही लवादाचं कलम आडवं आलं नाही तर.

अण्णांचं वाक्य कायद्याच्या पुस्तकात छापलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ह्या सगळ्यात गाडी यार्डात पहिल्या रांगेत उभी होती. धुतलेली, रंगवलेली, उन्हात चमकणारी. सिन्नरचे एक शिक्षक आले. मुलगी नाशिकला नर्सिंग शिकत होती, रोज एसटीने ये-जा करायची, रात्रपाळी लागली की घरच्यांचा जीव टांगणीला, म्हणून गाडी. दोन दिवस सगळं यार्ड बघून त्यांचं मन ह्याच गाडीवर बसलं. सव्वाचार द्यायला तयार होते. त्यांनी सीट हाताने दाबून बघितली आणि म्हणाले, "ताई, काय छान ठेवलीय हो पहिल्या मालकाने."

त्या रात्री जेवताना दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मी तर काही लिहिलेलं नाही ना. रिपोर्ट त्यांचा आहे. तोच सरांच्या हातात देऊ. आपण जसं घेतलं तसं दिलं."

माझा दादा वाईट माणूस नाही. दोन मुलांची फी, यार्डाचं भाडं, बँकेचं कॅश क्रेडिट, सगळं त्याच्या खांद्यावर आहे. वरून आलेलं खोटं खाली सरकवलं की नुकसान शून्य, हा हिशोब त्या रात्री मीही मनात केला, हे मी लपवणार नाही. बाजारात हे रोज घडतं. पुरात बुडालेली गाडी सांगलीतून पुण्याला, पुण्यातून लिलावात, लिलावातून नाशिकला, नाशिकहून सिन्नरला, आणि प्रत्येक जण म्हणतो की मी काही लिहिलेलं नाही. आमच्यापाशी आणि सरांपाशी फरक एवढाच की आम्ही ग्राहक नाही आणि ते आहेत. ते दोन वर्षांत कधीही आमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ शकतात. पण खरं सांगते, त्या रात्री मला आयोग आठवला नाही. मला तो हिरवट थर चढलेला कनेक्टर आठवत होता, आणि रात्री अकराला सिन्नरच्या रस्त्यावर मोहदरीच्या घाटात ती मुलगी. पट्टा ओढण्याआधी आम्ही तो रिपोर्ट दिला असता तर आम्ही चुकलो असतो. पट्टा ओढल्यानंतर दिला असता तर आम्ही फसवलं असतं. कराराच्या कायद्यातली फसवणुकीची व्याख्याही तीच आहे : जी गोष्ट खरी नाही आणि सांगणाऱ्यालाही खरी वाटत नाही, ती खरी म्हणून सांगणं.

मी दादाला एवढंच म्हटलं, "सरांना पट्टा ओढून दाखव. मग घेतो म्हणाले तर देऊ."

त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः ओढून दाखवला. सरांनी रेघेवरून बोट फिरवलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग विचारलं, "हे मला कुणी सांगितलं नसतं तर?" दादाकडे उत्तर नव्हतं. सर त्या दिवशी तसेच गेले. महिन्याभराने आमच्याकडूनच दुसरी, छोटी पेट्रोल गाडी घेऊन गेले, पण आधी तिचे पाचही पट्टे शेवटपर्यंत ओढून.

आम्ही नोटीस पाठवली. लिलाव चालवणाऱ्यांना आणि बँकेला, दोघांनाही. रिपोर्टचं पान, सर्व्हिसच्या इतिहासातली ऑगस्ट २०१९ ची नोंद, पट्ट्याचे फोटो, बंपर रंगवल्याची पावतीसुद्धा. लपवायचं काही नव्हतं. त्यांचं उत्तर आलं की साधी चौकशी केली असती तर हे तुम्हालाही कळलं असतं, आणि वाद लवादापुढे न्या. त्यांच्या अटींत लवाद तेच एकटे नेमणार होते. वाद असलेल्या पक्षानेच एकमेव लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच नाकारलं आहे, आणि वकीलसाहेबांनी ते दुसऱ्या पत्रात चार ओळींत लिहिलं. माझ्या मते फिरलं ते त्या चार ओळींनी. तीन आठवड्यांनी ६५ हजारांचा देकार आला, 'कोणतीही चूक मान्य न करता'. पुढच्या बोलीत वळते करून देतो म्हणाले. मी खात्यात मागितले.

घ्यावेत की लढावं, ह्यावर आमच्यात दोन दिवस भांडण झालं. मी लढायच्या बाजूची होते. आम्ही घेतले. गाडी शेवटी मालेगावच्या एका गॅरेजवाल्याने २ लाख ४० हजारांना घेतली, इंजिन आणि पत्र्यासाठी. स्टँप पेपरवर मी स्वतः लिहिलं : ऑगस्ट २०१९ मध्ये पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, घेणाऱ्यास पट्टे, बोल्ट व कनेक्टर दाखवले. बोलीची रक्कम, लिलावाची फी ११ हजार, कॅरिअरचे ७, रंग-धुलाईचे ८, असे ४ लाख १२ हजार घातले. ३ लाख ५ हजार परत आले. १ लाख ७ हजार गेले. तो स्टँप पेपर मालेगावच्या पुढे गाडीबरोबर जाईल का, हा विचार अजून अधूनमधून झोपेत येतो.

अमेरिकेत डीलरांच्या लिलावात गाडी पुढे आली की वर दिवा लागतो, हे मी नंतर वाचलं. हिरवा दिवा म्हणजे मोठा दोष निघाला तर लिलावघराकडे दाद मागता येईल. पिवळा म्हणजे सांगितलेले दोष सोडून. लाल म्हणजे जशी आहे तशी. दाद मागायची मुदत तिथेही मोजक्या दिवसांचीच. पण वाद ऐकायला लिलावघर स्वतः बसतं आणि कशाबद्दल दाद मिळेल हे आधीच छापलेलं असतं. फसवण्याच्या इराद्याने मीटर मागे फिरवलं तर तिथे १९७२ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तो नुकसानीच्या तिप्पट भरपाई देतो. ते वाचून मला लासलगाव आठवलं. वांधा म्हणजे तरी दुसरं काय? माल समोर, माणसं समोर, आणि ऐकणारा तिसरा.

आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरांना आरटीओची अधिकृत नोंदणी आली. डीलरकडे आलेली गाडी कुणाच्या ताब्यात आहे ह्याची नोंद आता सरकारदरबारी होते, आणि ते फार बरं झालं. विकून टाकलेल्या गाडीचं चलन जुन्या मालकाच्या घरी जाण्याचे दिवस त्याने कमी व्हावेत. पण गाडीच्या पोटात काय आहे हा त्या नियमांचा विषय नाही. विमा कंपनीने ज्या गाडीचा पुरात बुडाली म्हणून दावा दिला, ती नोंद गाडीच्या नंबराबरोबर कुणालाही दिसली पाहिजे. रिपोर्टवर क्रमांकाऐवजी माणसाचं नाव आणि सही पाहिजे. आणि लिलावाचे पैसे विकणाऱ्याला लगेच न जाता दोन दिवस मध्ये अडकून राहिले पाहिजेत. ह्यात लिलाववाल्यांचं काही जात नाही. लासलगावला शेतकऱ्याला पट्टी मिळते, आणि तरीही फाळका उघडेपर्यंत सगळे थांबतात.

तोवर आम्ही आमच्यापुरतं थांबायला शिकलो आहोत. परवा रात्री साडेनऊला कॅरिअर आला. वरती आमच्या दोन गाड्या. ड्रायव्हरला पुढे धुळ्याला जायचं होतं, तो घाई करत होता, सहीचा कागद पुढे करत होता. दादाने त्याला समोरच्या टपरीवर चहा सांगितला. मिस्त्री यार्डात नव्हते, पण आता त्यांची वाट बघावी लागत नाही. दादा गाडीत शिरला, मी दाराशी वाकून मोबाईलचा उजेड धरला आणि दुसऱ्या फोनवर व्हिडिओ चालू केला, तारीख-वेळ दिसेल असा. ड्रायव्हरची बाजू, शेजारची, मागची डावी, मागची उजवी. पट्टा ओढत जातानाचा तो सरसर आवाज मला आता पाठ झालाय. पहिल्या गाडीचे सगळे स्वच्छ निघाले. दुसऱ्या गाडीच्या मागच्या उजव्या पट्ट्याशी दादा थांबला. उजेड जवळ आण म्हणाला. मी आणला. बराच वेळ त्याने विणीवरून अंगठा फिरवला, पट्टा वळवून मागची बाजू बघितली.

"ऑइलचा डाग आहे," तो म्हणाला. "तरी फोटो काढ."

मी काढला. टपरीवरून ड्रायव्हर ओरडला, "झालं का हो शेठ?" दादाने पट्टा सोडला, तो खटकन आत गेला, आणि मागच्या सीटचं कार्पेट उचलायला तो खाली वाकला.